साठ हजार फुटांवरचं आभाळ

मी अंतराळात गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणाची निराशा व्हायला नको. पण एकसष्ट सालच्या एप्रिलपासून पुढची आठ वर्षं मी जे जे केलं ते तिकडेच जायच्या इराद्याने केलं. त्यातलं काही थोडं हातीही लागलं. त्याचीच ही हकिकत.

तेव्हा आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहत होतो. वडील तारखात्यात लाइनमन. खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, उतरायचं, पुढच्या खांबाकडे चालू लागायचं. छप्पन साली ते आम्हा सगळ्यांना घेऊन नागपूरला गेले, आम्ही बौद्ध झालो, आणि परत आल्यावर त्यांनी घरात एकच कायदा लावला: पोट्टा असो की पोट्टी, शाळा सुटता कामा नये. त्या कायद्याखाली मी अमरावतीच्या कॉलेजात शास्त्र शिकत होतो, आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेली बहीण अकोल्यात हायस्कुलात होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. सगळी गल्ली त्याला चाचा म्हणायची. चाचाला उर्दू वाचता येई, मराठी नाही. पण गिऱ्हाइकांसाठी तो मराठी पेपर घेत असे आणि मी सुट्टीत घरी असलो की तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेई. त्या दिवशी सकाळी मी पेपर उघडला आणि बसल्या जागेवरून उभाच राहिलो.

"चाचा, माणूस वर गेला!"

चाचाने हातातला पाना खाली ठेवला, डोक्यावरची टोपी नीट केली. "कोन मेलं बेटा? आपल्या गल्लीतलं?"

"मेला नाही हो! खरंच वर गेला. आन् परत आला!"

मग मी वाचत गेलो. रशियाच्या विमानदळातला लढाऊ वैमानिक, वय वर्षं सत्तावीस. एका गोळ्यात बसून पृथ्वीभोवती पुरी फेरी मारली आणि पावणेदोन तासांत खाली उतरला. माझा आवाज चढत चालला होता. पंक्चर काढायला आलेले दोघे, समोरचा दूधवाला, शाळेत निघालेली बहीण, सगळे भोवती जमले.

"पावणेदोन घंटे?" चाचा म्हणाला. "पूरे जमीन का चक्कर? अरे, तेवढ्यात अमरावतीची यष्टी मुर्तिजापूरच्या पुढं जात नाही!"

त्याचा बाप सुतार आहे, असंही पेपरात होतं. संध्याकाळी वडील कामावरून आल्यावर मी सगळी बातमी पुन्हा वाचून दाखवली. बाकीचं त्यांनी शांतपणे ऐकलं. सुतार म्हटल्यावर मात्र मान वर केली.

"सुताराचा पोट्टा जाते, तं लाइनमनचा काहून नाई?" ते म्हणाले.

ते सहज बोलले असतील. मी ते सहज घेतलं नाही. मला त्या रात्रीचं जेवणही आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती: तो आधी लढाऊ विमानाचा वैमानिक होता. म्हणजे वर जायची वाट विमानदळातून जाते. आणि विमानदळ तर आपल्याकडेही आहे.

कॉलेज सुरू झाल्यावर मी अमरावतीला गेलो तो थेट पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांकडे. ते पुण्याचे. आम्हा पोरांना 'तुम्ही' म्हणायचे. सुरुवातीला आम्ही मागे वळून बघायचो की हे नक्की कुणाशी बोलताहेत. तास संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, "सर, मले अंतराळात जाचं आहे."

मागे पोरं खिदळली. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी हातावरचा खडू झटकला आणि विचारलं, "कधी?"

आजवर मला कुणी इतका चांगला प्रश्न विचारलेला नाही. तेच पुढे म्हणाले, "आधी विमान चालवायला शिकावं लागेल. त्याआधी पदवी. आणि त्याच्याही आधी इंग्रजी. तुमचं गणित उत्तम आहे, इंग्रजी भयंकर आहे. संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येत चला."

रोज संध्याकाळी आम्ही वडाळी तलावापर्यंत चालत जायचो. नियम असा, की जाताना फक्त इंग्रजी आणि येताना मराठी. पहिला आठवडाभर जातानाचा रस्ता आम्ही दोघांनी जवळपास मुक्याने काटला आणि तलावाला वळसा घेतला की माझी वऱ्हाडी धबधब्यासारखी सुटायची. पण दिवाळीपर्यंत मी जातानाही बोलू लागलो. चुका करत, अडखळत, पण बोलू लागलो. बासष्टच्या उन्हाळ्यापर्यंत तर असं झालं, की वाद रंगला तर आम्ही येतानाही इंग्रजीतच यायचो आणि कॉलेजच्या फाटकाशी पोचल्यावर प्राध्यापकांच्या ते ध्यानात यायचं.

त्यांचा एक आतेभाऊ विमानदळात होता. त्याच्याकडून त्यांना कळलं की वैमानिकांच्या निवडीत एक यंत्राची परीक्षा असते. समोर उजेडाचा एक ठिपका सारखा इकडेतिकडे पळत असतो. हातात एक दांडा, पायांखाली दोन पट्ट्या. हात आणि पाय एकाच वेळी चालवून तो ठिपका मधोमध धरून ठेवायचा. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पुन्हा नाही.

"एकदाच?" मी विचारलं.

"एकदाच," ते म्हणाले. "आणि तिची तयारी करता येत नाही, असं म्हणतात."

सुट्टीत अकोल्याला आल्यावर मी हे चाचाला सांगितलं. त्याने सगळं दोनदा ऐकून घेतलं.

"ठिपका कायचा म्हणतो?"

"उजेडाचा."

"उजेड आपल्यापाशी नाही. छर्रा हाये." त्याने डबीतून सायकलच्या चाकातला एक पोलादी छर्रा काढून तळहातावर ठेवला. "तयारी कैसे नही होती, देखते हैं."

चार दिवस त्याने मला दुकानात फिरकू दिलं नाही. पाचव्या दिवशी बोलावलं. मोडक्या रिक्षाच्या सांगाड्यावर त्याने एक पितळी ताट टांगलं होतं. समोर एक दांडा. तो ओढला की ताट पुढे-मागे कलायचं. खाली पायटे, ते दाबले की ब्रेकच्या तारांनी ताट डावी-उजवीकडे कलायचं. ताटात तो छर्रा. तो मधोमध धरून ठेवायचा, आणि चाचा मागे उभा राहून हातोडीच्या मुठीने सांगाड्याला मनाला येईल तसे टोले देणार!

मी बसलो. छर्रा ताटाबाहेर उडाला आणि गटारात गेला.

"दूसरा लो," चाचा म्हणाला. डबी भरलेली होती.

दुसऱ्याच दिवशी आई दुकानासमोर येऊन उभी राहिली. "माह्यं ताट इथं काय करून राह्यलं?" तिने विचारलं. बहिणीने ते गुपचूप आणून दिलं होतं. आईने माझा तो खेळ थोडा वेळ पाहिला, छर्रा तीनदा उडाला, आणि ती घरी गेली. ताट तिने परत मागितलं नाही.

त्या सुट्टीत आमच्या गल्लीला दुसरा उद्योग नव्हता. जो येई तो त्या ताटासमोर बसून बघे. चाचाने साठ आकडे मोजेपर्यंत ज्याचा छर्रा टिकला त्याला शाबासकी. महिनाभर घाम गाळल्यावर माझी मजल साठाला पोचली. त्या दिवशी मी ताटासमोरून उठलो आणि बहीण हातातलं पुस्तक बाजूला ठेवून बसली. तिने आधी कुणाला सांगितलंच नव्हतं की दुपारी चाचा जेवायला आणि मी दोस्तांकडे गेलो की ती रोज सराव करते. चाचा मोजू लागला. साठ झाले. ऐंशी झाले. चाचाने दोन्ही हातांनी टोले द्यायला सुरुवात केली. शंभर झाले. तिचं लक्ष फक्त ताटात होतं, ओठ घट्ट मिटलेले, पाय असे हलत होते जणू शिवणयंत्र चालवतेय. दीडशेला चाचाच दमला.

"बस कर पोरी," तो म्हणाला. "ये तो उड़ के आयी है!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने मला विचारलं, "दादा, पोट्ट्यायलेच घेतात नं तिथं?"

"हो," मी म्हणालो. तेव्हा तेच खरं होतं. ती उठली, हात पुसले, आणि माझ्याकडे दांडा सरकवून म्हणाली, "तं मंग बस. तू पायाकडं पायतं, म्हून चुकतं. पायाकडं पाहू नको."

मी पायांकडे पाहणं सोडलं आणि आठवड्याभरात शंभराला पोचलो.

बासष्टच्या हिवाळ्यात सरहद्दीवर लढाई झाली आणि त्यानंतर विमानदळाला वैमानिक हवेत, अशा जाहिराती सगळीकडे आल्या. पदवी त्याच वर्षी हाती आली होती; मी अर्ज केला. बोलावणं आलं देहरादूनचं. अकोला स्टेशनवर चाचाने माझ्या खिशात एक छर्रा टाकला आणि मी निघालो. इतक्या लांबचा माझा पहिलाच प्रवास.

यंत्राची परीक्षा तिसऱ्या दिवशी होती. अंधारलेली खोली, समोर उजेडाचा ठिपका, हातात दांडा, पायांखाली पट्ट्या. अगदी तसंच! मला हसूच फुटलं. ठिपका पळाला, मी त्याला आणला. पुन्हा पळाला, पुन्हा आणला. पायांकडे एकदाही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, "याआधी विमान चालवलंय?"

"नाही सर."

"मग हे कुठे शिकलात?"

"सायकलच्या दुकानात, सर," मी इंग्रजीत म्हणालो. माझं इंग्रजी कच्चं असेल असं समजून त्याने प्रश्न पुन्हा विचारला. मी उत्तर पुन्हा तेच दिलं.

निवड झाली, पण वैद्यकीय तपासणीत अडकलो. डोळे उत्तम, कान उत्तम, छाती ठीक. वजन नऊ पौंड कमी. सहा आठवड्यांत भरून काढा, नाहीतर नाव कटेल, असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं.

ते सहा आठवडे आईचे होते. सकाळी दूध आणि केळी, दुपारी ज्वारीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, मधल्या वेळी शेंगदाणे आणि गूळ, संध्याकाळी पुन्हा भाकरी. चाचाच्या घरून एक दिवसाआड बकऱ्याच्या पायांचा रस्सा यायचा. चाची स्वतः डबा घेऊन यायची आणि मी संपवेपर्यंत उभी राहायची. दर रविवारी वडील मला एका ओळखीच्या, सरकी काढायच्या जिनात नेऊन कापसाच्या गाठी तोलायच्या काट्यावर उभं करायचे. हमाल गोळा व्हायचे. "किती भरला? किती भरला?" करायचे. पाचव्या रविवारी वाढ नऊ पौंडांच्या वर गेली तेव्हा हमालांनी मला उचलून कापसाच्या ढिगावर फेकलं. नाकातोंडात कापूस गेलेला, आणि वडील त्या सगळ्या गोंधळात जोरजोरात हसताहेत, असं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुन्हा तपासणी झाली, वजन भरलं, आणि अखेरचं बोलावणं तारेने आलं. तार कचेरीत उतरली तेव्हा वडील बाळापूरच्या रस्त्यावर खांबावर होते. तार उतरवून घेणाऱ्या बाबूने ती घरी न पाठवता शिपायाला सायकलवरून त्यांच्याकडे पिटाळलं. शिपायाने खांबाखाली उभं राहून ओरडून मजकूर वाचला. वडिलांनी वरून तो पुन्हा वाचायला सांगितला. मग हातातला सांधा नीट पक्का केला आणि खाली आले. शिपायानेच हे आम्हाला सांगितलं. वडिलांनी घरी येऊन फक्त तार माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जाय."

प्रशिक्षणाचं सगळं सांगत बसलो तर संपायचं नाही. एक दिवस मात्र सांगतो. नेहमीप्रमाणे उतरलो, तर माझे शिक्षक मागच्या सीटवरून उठले, आपले पट्टे रिकाम्या सीटवर बांधले आणि म्हणाले, "आता एकट्याने एक फेरी मारून या." मी धावपट्टीवर गेलो, विमान पळवलं, जमीन सुटली. मागे कुणी नाही. कुणी ओरडणारं नाही, चूक सुधारणारं नाही. मी एकटा आणि खाली हिरवी शेतं. इंजिनाच्या आवाजावर मात करून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "माय वंऽऽ!" रेडिओचं बटण दाबलेलं नव्हतं, हे माझं नशीब.

त्याच सुमाराला, त्रेसष्टच्या जूनमध्ये, मला बहिणीचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: "दादा, बाई वर गेली!! तीन दिवस राहिली. आधी कापडाच्या गिरणीत कामाला होती. आता माझ्याशी बोलताना 'पोट्ट्यायलेच घेतात' म्हणू नको." मी ते कार्ड बरोबरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. पंजाबी, तमिळ, बंगाली, सगळ्यांना वऱ्हाडीचा अर्थ सांगता सांगता माझी दमछाक झाली.

पासष्टच्या लढाईबद्दल इथे लिहीत नाही. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात परत न आलेले दोस्त आहेत.

त्यानंतर माझी नेमणूक आवाजाहून वेगाने जाणाऱ्या विमानांवर झाली, आणि अडुसष्टच्या हिवाळ्यात माझ्या वाट्याला उंच उड्डाण आलं. अंतराळात जाणारे घालतात तसाच तो पोशाख. अंगाला करकचून बांधलेला, नळ्या लावलेला, आणि डोक्यावर हंड्याएवढं शिरस्त्राण. आधी अर्धा तास नुसता प्राणवायू घेत बसायचं. आरशात स्वतःला पाहिलं आणि एप्रिलमधली ती सकाळ, पेपरातला तो धूसर फोटो डोळ्यांपुढे आला.

सकाळची वेळ होती. विमान वर घेतलं, वेग वाढवला, आवाजाची हद्द ओलांडली आणि मग नाक आभाळाकडे रोखलं. काटा चढत गेला. पन्नास हजार. पंचावन्न. आभाळाचा निळा रंग गडद होऊ लागला. आधी जांभळट झाला, मग शाईसारखा. साठ हजार फुटांच्या आसपास मी मान वर केली तर डोक्यावर आभाळ जवळजवळ काळं होतं. सकाळी दहा वाजता! सूर्य तळपत होता आणि आभाळ काळं. मग क्षितिजाकडे पाहिलं. ते सरळ नव्हतं. दोन्ही टोकांना हलकेच खाली वळलेलं होतं. पृथ्वी गोल आहे हे मी शाळेत पाठ केलं होतं, प्राध्यापकांकडून गणिताने शिकलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती दिसली. काठाला दुधाळ निळी किनार होती. विमान जेमतेम तीन-चार मिनिटं तिथे राहिलं असेल. रेडिओवर खालून विचारणा झाली, "सगळं ठीक?" मी म्हणालो, "ठीक." आणखी काय सांगणार?

पुढच्या वर्षी, एकोणसत्तरच्या जुलैत, मी सुट्टीवर अकोल्याला होतो आणि त्याच आठवड्यात दोन माणसं चंद्रावर उतरली. सोमवारची सकाळ. चाचाने दुकानाच्या फळीवर रेडिओ ठेवला होता, आवाज पूर्ण वाढवून. गल्ली गच्च भरलेली. पाऊल पडल्याची बातमी आली आणि चाचाने सायकलींच्या सगळ्या घंट्या एकापाठोपाठ एक वाजवायला सुरुवात केली. लोक मला मिठ्या मारत होते, जणू मीच उतरलो होतो. त्या दोघांनीही कधीकाळी लढाऊ विमानं चालवली होती, हे मी सांगितल्यावर तर विचारूच नका.

बहीण तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. सुट्टीला आली नव्हती, पण दुसऱ्याच दिवशी तिचा निरोप आला: विमानदळाची वर्दी घालून शाळेत ये, मुलींनी मला सतावून सोडलंय. मी पहिल्या यष्टीने गेलो. चार वर्गांच्या मुली एकाच खोलीत कोंबल्या होत्या, खिडक्यांतही होत्या. मी नळ्यांच्या पोशाखाचं सांगितलं, काळ्या आभाळाचं सांगितलं, वाकलेल्या क्षितिजाचं सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. तिथे श्वास कसा घ्यायचा? डोळे दुखतात का? नाक खाजलं तर? वरून आपली अमरावती दिसेल का? भातकुलीची एक मुलगी होती, तिला त्या उंच उड्डाणाच्या पोशाखातल्या प्रत्येक नळीचं काम जाणून घ्यायचं होतं. तास संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही.

मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी चक्क विद्यार्थिनीसारखा हात वर केला. "तुम्हाला भीती वाटली का हो?"

"वाटली बाई," मी म्हणालो. "वर नाही वाटली. उतरायला लागलो आणि इंधनाचा काटा पाहिला तेव्हा वाटली."

सगळा वर्ग हसला. "आभाळाच्या नादात काट्याकडं पाहाचंच राह्यलं असन," बहीण म्हणाली. तिने एवढे वर झालेले हात पाहिले आणि त्यांतला सर्वांत मागचा निवडला. "हं, तू. तुझा प्रश्न."